यादीत सगळ्यात खाली मी

चहा गार झाला तरी चालेल, पण हे ऐका. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. नंतर हसलेलं मला खपणार नाही.

आमचा मांडव आणि खुर्च्या भाड्यानं देण्याचा धंदा. ऑफिस बिबवेवाडीत, गोदाम कात्रजला. आमच्या खुर्च्या पाहुण्यांच्या आधी पोचतात, ही माझी इज्जत. ड्रायव्हरांना फोन घेऊन दिले, तर ते त्यावर पिक्चर बघायला लागले! म्हणून सूनबाईनं, अमृतानं, एक ॲप आणलं. कोणाच्या फोनवर काय चालेल, कोणाला किती अधिकार, सगळं त्यातून ठरतं.

मी म्हटलं, "मालक मी आहे. मला पूर्ण अधिकार पाहिजेत."

"देते अण्णा. पण बटणं दाबू नका."

अधिकार घ्यायचे आणि वापरायचे नाहीत? हे कसले अधिकार?

त्या रविवारी येरवड्याला एक साखरपुडा होता. सलीम खुर्च्या भरून निघाला. अमृता भाजी आणायला गेली. मी ॲप उघडलं.

पहिलं नाव अमृता. मग गणेश, दत्ता, सलीम. हे तिघं ड्रायव्हर. आणि सगळ्यात खाली हणमंत. म्हणजे मी!

अहो, लग्नपत्रिकेत माझं नाव भाच्यांच्या खाली छापलं, म्हणून सख्ख्या मेव्हण्याकडे मी जेवलो नव्हतो. आणि इथे माझ्याच धंद्यात मी ड्रायव्हरच्या खाली?

नाव वर सरकवायचं बटण सापडेना. 'काढून टाका' मात्र लगेच सापडलं. म्हटलं, वरचे गेले की मी आपोआप वर येतो. एकेकाला काढत गेलो. ॲप दरवेळी विचारायचं, "नक्की?" मी तर नक्कीच! अमृतालाही काढलं. उरलो मी. एकदम वर.

तेवढ्यात अनोळखी नंबरावरून फोन. सलीम.

"अण्णा, टपरीवाल्याच्या फोनवरून बोलतोय. माझ्या फोनला कुलूप पडलं. पत्ता गेला, गिऱ्हाइकाचा नंबर गेला. नुसतं लिहून येतंय, 'मालकांशी बोला.'"

"मग बोलतोयस ना!"

"मी बोललो. आता तुम्ही बोला."

काय बोलणार, कपाळ? पत्ता अमृताच्या खात्यात. ते खातं मीच उडवलेलं.

अमृता आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी फोन बघितला.

"अण्णा, मला काढलंत?"

"तुझं नाव वर का?"

"अहो, ती यादी 'अ'पासून 'ह'पर्यंत लागते! त्यात कसला मानपान?"

मी बोटांवर मुळाक्षरं मोजून बघितली.

"आता मला परत घ्या. तुमच्याशिवाय कोणाला अधिकारच नाही उरला."

"कसं घ्यायचं?"

तेही तिनंच सांगितलं. मी चुकीचं बटण दाबलं, तिनं पुन्हा सांगितलं. यादीत अमृता आली, पत्ता आला, मग सलीमचं कुलूप निघालं.

खुर्च्या पोचल्या तोवर अंगठ्या घालून झाल्या होत्या. मुलीच्या आजोबांचा फोन आला. "हणमंतराव, खुर्च्या उत्तम आहेत हो. पाहुणे घरी गेले. त्यांना फोटो पाठवतो."

दुसऱ्या दिवशी अमृता म्हणाली, "अण्णा, तुमचं नाव वर घेतलं. बघा."

बघितलं. हणमंत खोडून तिनं 'अण्णा' केलं होतं. पहिलं नाव! अमृताच्याही वर! मान म्हणतात तो हाच.

मग चष्मा लावला. नावापुढे बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'अधिकार: फक्त बघण्यापुरते.'