कौशल्यामावशींचं पक्कं घर

दर रविवारी कौशल्यामावशी आपल्या अजून न झालेल्या घरावर ओरडायला जायच्या. चिखलीत सरकारी घरकुलांची इमारत उभी राहत होती आणि सोडतीत त्यांचं नाव लागलं होतं. पत्र्याच्या कुंपणाबाहेरून त्या वरच्या गवंड्याला हाक मारायच्या, "ओ भाऊ, कोपरा सरळ घ्या की! तिथं माझं कपाट येणाराय." तो वरून म्हणायचा, "चहा आणा मावशी, मग सरळ घेतो." पुढच्या रविवारी त्या खरंच किटली घेऊन गेल्या.

आमच्यासारख्याच त्या, आमच्या खालच्या खोलीत भाड्याने राहायच्या, चाकणच्या कंपन्यांत जाणाऱ्या पोरांचे डबे करायच्या. मूळच्या लातूरकडच्या, नवरा गेल्यावर इकडे आल्या. भाडेकरार संपत आला की घरमालक भाडं वाढवायचा, नाहीतर खोली सोडा म्हणायचा. "पातेली डोक्यावर घेऊन किती डाव फिरावं? मांजरबी पिलं घेऊन इतकी घरं बदलत नाही, बाई."

मी इंग्रजी शाळेतली, अनोळखी माणसासमोर तोंड न उघडणारी. तरी घरकुलाच्या ऑफिसात जाताना त्या मलाच न्यायच्या. "तू बोलू नको. निस्ती इंग्रजी येतंय असं तोंड करून उभी राहा." कागद तपासणीच्या दिवशीही मी तसंच तोंड करून उभी होते. साहेबांनी संगणकावरून मान न उचलता सांगितलं, "गावी तुमच्या नावे पक्कं घर आहे. देशात कुठंही घर असेल, तर हे मिळत नाही."

"ते दत्तूचं हाय, माझ्या भावाचं!" मावशी हसल्याच. वडील गेल्यानंतरच्या भाऊबीजेला त्यांनी चार माणसांत सांगितलं होतं, मला घरातलं काही नको. दत्तूने साडी दिली, विषय मिटला. त्यांच्याकडे बहिणीचा शब्द पुरतो. कागद करणं म्हणजे भावावर अविश्वास. घराच्या कागदावर वारस म्हणून लागलेलं त्यांचं नाव मात्र तसंच राहिलं.

साहेब म्हणाले, नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र आणा, थोडे दिवस थांबतो. त्यावर दत्तूचीही सही लागणार होती. मावशींनी माझ्यासमोरच फोन लावला.

"दत्तू, एक दिवस काढ रे. सही कर अन् जा."

"आक्का, आत्ता नावाला हात लावला तर बाकीच्या दोघी बहिणी हिस्सा मागायला जाग्या व्हतील. सोयाबीन निघू दे, बघू."

सोयाबीन निघालं, विकलंही गेलं. घर प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या माणसाला मिळालं.

आज त्या इमारतीतली कितीतरी घरं भाड्याने दिलेली आहेत. नियमात ते बसत नाही. पण खालचा वडापाववालाही कुठला फ्लॅट केवढ्याला जातो ते सांगेल. ऑफिसला ते दिसत नाही. ज्या घरात मावशींना भाऊबीजेनंतर चार दिवस जास्त राहायची सोय नव्हती, ते घर मात्र ऑफिसला इथे बसून दिसलं. दत्तूला बहिणीचा शब्द हवा होता, साहेबांना कागद. मावशींना झोपायला जागा हवी होती, आणि ती देणं कुणाचंच काम नव्हतं. मी हे साहेबांना सांगायला हवं होतं असं लोक म्हणतील. सांगून काय झालं असतं? त्यांनी पुढचा नंबर पुकारला असता.

मग एका सकाळी दारात टेम्पो लागला. पातेली, शेगडी, कपाट चढलं. मावशी दत्तूशी फोनवर बोलत होत्या आणि सगळी गल्ली ऐकत होती.

"पुढची खोली रिकामी कर. का म्हंजे? माझी हाय! सरकार म्हणायलंय. सरकार खोटं बोलतंय का? … बायकोला सांग तुझ्या. रडू दे."

टेम्पोत चढताना त्यांनी माझा खांदा धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

ड्रायव्हरने हसून विचारलं, "काय मावशी, माहेरी का?"

"नाही रे भावा," त्या म्हणाल्या, "भांडायला."