भिंतीवर टांगलेली काहील

माझ्या धाकट्या भावाच्या बारबद्दल एक रील सध्या फिरतंय. रात्रीचे बारा, दिवे गेलेले, भिंतीवरची लोखंडी काहील लालभडक आणि मागे कुठली तरी बाई रडतेय. त्यातलं एकही खरं नाही. रात्र नव्हती, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. दिवे गेले नव्हते, मेन स्विच मी पाडला होता. काहील लाल झाली नव्हती. बाई एकच होती, आणि ती रडत नव्हती. तिच्या हातात थर्मामीटर होता. हे मला माहीत आहे, कारण मी तिथे होतो. त्या रीलमुळे डोकं इतकं तापलं आहे की आयुष्यात पहिल्यांदा असल्या भुताखेतांच्या अनुभवांच्या सदरासाठी लिहायला बसलोय.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, आजही नाही. सत्तावीस वर्षं मी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट आहे. जिथे आकडा नाही तिथे मी सही करत नाही, मग समोर कुणीही असो. बायको अमावास्येला घरावरून नारळ ओवाळते, तेव्हा मी आत पेपर वाचत असतो.

माझा भाऊ विलास. माझ्यापेक्षा तेरा वर्षांनी लहान. त्यानं हायवेच्या बाजूला क्राफ्ट बिअरची जागा काढली — म्हणजे कंपनीची बाटली नव्हे, तिथल्या तिथे टाक्यांत थोडी थोडी बनवून नळानं ग्लासात ओतायची. कोल्हापुरात आता अशी तीन-चार ठिकाणं झालीत. स्वतःची उघडण्याआधी विलासनं मला ती सगळी फिरवली. "दादा, तुझी जीभ न्हाय, तुझं मीटर पायजे मला," म्हणाला. मी दारू पीत नाही असं नाही. महिन्यातून एकदा, मोजून दोन ग्लास. तर हायड्रोमीटर आणि डायरी खिशात घालून मी फिरलो. एकीकडे कोकमाची, एकीकडे आंब्याची, एकीकडे चक्क लाल मिरचीची बिअर. ती पिऊन विलास म्हणाला, "ह्यात आता मटण तेवढं टाका." एका ठिकाणी बोर्डावर पाच टक्के अल्कोहोल लिहिलं होतं. तिथल्या माणसाकडून आंबवण्याच्या आधीचा आकडा विचारून घेतला, ग्लासातला मी मोजला, हिशेब सहा पूर्णांक तीन निघाला. तसं सांगितलं तर मालक म्हणाला, "पावणं, प्यायला आलाय का तपासायला?" मी म्हणालो, दोन्ही.

विलासची कल्पना गुळाच्या बिअरची होती. ती चांगली होती, आणि बिअरही चांगली झाली, हे मी कबूल करतो. बनवणारी सायली पुण्याची, वय तिशीच्या आत, पण आकड्याला पक्की. तिच्या वहीत खाडाखोड नसते. मला त्या जागेत आवडलेलं ते एवढंच.

उद्घाटनाच्या दिवशी आत गेलो आणि समोरच्या भिंतीवर आबांची काहील दिसली.

ज्यांनी गुऱ्हाळ पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. काहील म्हणजे उसाचा रस आटवायची लोखंडी कढई. आमची आठ फूट रुंद आहे, वजन अडीचशे किलोच्या वर. करवीर तालुक्यातल्या आमच्या शेतावर वडिलांनी, म्हणजे आबांनी, तीस हंगाम त्यात गूळ केला. गुऱ्हाळ बंद पडल्यावर ती शेडमध्ये पालथी होती. आबा जाऊन सहा वर्षं झाली. विलासनं मला न विचारता ती उचलली, घासली, काळं पॉलिश केलं आणि बोल्ट मारून भिंतीवर उभी टांगली. कडेनं एलईडीची पट्टी. पोरंपोरी तिच्यापुढे ग्लास धरून तोंडं वाकडी करून फोटो काढत होती.

"व्हिंटेज लूक हाय दादा," विलास म्हणाला. "आबांचीच जाहिरात हाय की ही."

"आबांनी कधी जाहिरात केली होती?"

"गंजून चाललेली शेडात. तू बघायला तरी गेलतास का कधी?"

गेलो नव्हतो, म्हणून मला जास्त राग आला. चार महिने मी तिकडे फिरकलो नाही.

मार्चमध्ये सायलीचा फोन आला. "काका, तुम्हाला कळवलेलं बरं वाटलं. सर त्या काहिलीला मधोमध भोक पाडणार आहेत. क्रिकेटचा सीझन येतोय, त्यात मोठा स्क्रीन बसवायचाय. सोमवारी सकाळी मिस्त्री येतोय."

कापलेली काहील पुन्हा काहील होत नाही. तळाला झाळकामाचा डाग लावून ती विस्तवावर चालत नाही, आबा म्हणायचे. सोमवारी मी रजा टाकली आणि सव्वादहाला तिथे पोचलो. जागा बंद होती, आत चारच माणसं. विलास, सायली, अल्ताफ मिस्त्री आणि त्याचा जोडीदार. कापलेला पत्रा जड असणार म्हणून मिस्त्रीनं वरच्या लोखंडी तुळईला चेन-पुली बांधून ठेवली होती. गॅस कटर अजून पेटवला नव्हता. हे महत्त्वाचं आहे.

अर्धा-पाऊण तास आम्ही भावाभावांनी तिथे जे केलं ते शोभणारं नव्हतं. मी म्हणालो, तुला बापाची लाज नाही. तो म्हणाला, "लाज तू काढू नको दादा. गुऱ्हाळ बंद हुईपतोर तू आबांच्या शेजारी उभा न्हाय राह्यलास. मी राह्यलो. चुलीत चिपाडं मी घातली." मिस्त्री बिचारा खडू घेऊन उभा. शेवटी विलास त्याला म्हणाला, "मिस्त्री, आखा गोल. ह्याचं ऐकू नका."

मिस्त्रीनं डावा हात काहिलीवर टेकवला आणि झटक्यात मागे घेतला.

"साहेब, हे तापलंय की."

"उन्हानं," विलास.

"ऊन कुठनं येतंय आत?"

खिडक्यांना काळे पडदे होते. मी जवळ गेलो. हात लावायची गरज नव्हती, वीतभर अंतरावरून धग लागत होती. पहिली शंका एलईडीच्या वायरिंगची. मेन स्विच मी स्वतः जाऊन पाडला, उजेडासाठी पुढचं दार उघडलं. मग भिंतीच्या मागे गेलो. तिथे थंड टाक्यांची खोली आहे, भिंत हाताला गार. परत आलो तेव्हा सायली लांबून तापमान दाखवणारं पिस्तूल घेऊन आली होती. अठ्ठ्याऐंशी अंश.

"काका, लोखंडावर हे चुकीचं दाखवू शकतं," ती म्हणाली आणि स्वतःच टाकीचा टोकवाला थर्मामीटर आणून चिकटपट्टीनं काहिलीला लावला. तोही अठ्ठ्याऐंशी. घड्याळात अकरा दहा. मी डायरी काढली. दर अर्ध्या मिनिटाला सायली वाचत गेली, मी लिहीत गेलो. सत्त्याण्णव. एकशे तीन. एकशे आठ. एकशे अकरा. एकशे तेरा.

एकशे चौदा.

आणि काहील वाजली. ठण, ठण, ठण… मग एका श्वासाचं अंतर… आणि एक ठण.

आवाज काठाच्या खालच्या डाव्या बाजूनं आला. तिथे कुणी नव्हतं. मिस्त्रीचा जोडीदार स्वतःच्या हातांकडे बघत होता, आपल्याकडूनच काही वाजलं की काय म्हणून. अशा हकिकतींत नेहमी वास येतो, काकवीचा, धुराचा. मला कसलाही वास आला नाही. नव्हता तो नव्हता.

या टोल्यांचा अर्थ त्या खोलीत आम्हा दोघा भावांनाच माहीत होता. गूळ तयार झाला की आबा फावड्याच्या दांड्यानं काहिलीच्या काठावर असे टोले द्यायचे. तीन आणि एक. म्हणजे उतरवा. आठ माणसं कड्यांत दांडे घालून तयारच असायची. टोल्यानंतर कुणी बोलायचं नाही, विचारायचं नाही, दम घ्यायचा नाही. क्षणभर जास्त काहील विस्तवावर राहिली तर गूळ करपतो. आणि टोला द्यायचा हक्क एकट्या गुळव्याचा, म्हणजे आबांचा. शेवटची बरीच वर्षं त्यांनी टोले देणं बंद केलं होतं, नुसता हात वर करायचे. ते का, ते पुढे सांगतो.

विलासचं तोंड पांढरं पडलं. "दादा… आबा हायत."

"गप. उतरवा."

"दादा, हात भाजंल, जरा थांबू—"

"थांबायचं नाही. बोल्ट काढ."

माझा आवाज एवढा चढला होता की तो एरवी मलाही आवडला नसता. मिस्त्रीनं चामडी हातमोजे चढवले, चेनचे हूक काहिलीच्या कड्यांत अडकवले. आठ बोल्ट होते. सात मिनिटं लागली. त्या सात मिनिटांत सायलीनं सात वेळा वाचन केलं, सातही वेळा एकशे चौदा. ना वर, ना खाली. तापलेलं लोखंड असं वागत नाही. चेन सैल करत करत आम्ही तिला आडवी केली आणि तळ फरशीला टेकवला.

"काका," सायली म्हणाली, "सव्वीस."

मी पंजा टेकवला. गार. फरशीसारखी गार.

एलईडीची पट्टी वितळली नव्हती. भिंतीचा रंग फुगला नव्हता. पण अल्ताफ मिस्त्रीच्या डाव्या हाताच्या दोन बोटांवर फोड आले होते, पूर्ण पंधरा दिवस होते. आकडा खोटा म्हणावा तर फोड खरे. फोड खरे म्हणावेत तर प्लास्टिकची पट्टी कशी टिकली?

त्या दिवशी भोक पडलं नाही. मिस्त्रीनं सामान गोळा केलं आणि विलासला म्हणाला, "साहेब, स्क्रीन दुसऱ्या भिंतीला लावा. मी फुकट लावून देतो." काहील टेम्पोत घालून आम्ही शेडवर नेली. उतरवताना विलासनं आधी जमीन झाडून घेतली.

मी गप्प बसलो नाही. कारखान्यातल्या दोन इंजिनिअरांना विचारलं. एक म्हणाला, कुठून तरी करंट उतरला असेल. मेन बंद होता. दुसरा म्हणाला, लोखंड गरम-गार होताना वाजतं. मोजून तीन आणि एक वाजतं का, विचारलं. तो हसला. पुढचे तीन सोमवार मी त्याच वेळी त्या भिंतीपाशी दोन थर्मामीटर घेऊन बसलो. काही नाही.

आणि आता विलासनं काय केलं? गुळाच्या बिअरचं नाव बदललं. बोर्डावर मोठ्या अक्षरात '११४'. पुण्यामुंबईहून बिअरची ठिकाणं बघत फिरणारी मंडळी येतात, वेटर त्यांना भुताची गोष्ट सांगतो, कुणीतरी ते रील बनवलं. मी जाब विचारला तर म्हणतो, "दादा, आकडा तर खराच हाय की. मी कुठं खोटं लिवलंय?"

त्याला तो आकडा काय आहे ते माहीत नाही. कुणालाच नाही. म्हणून आता लिहितो.

मी चोवीस वर्षांचा होतो. केमिस्ट म्हणून नोकरी नुकतीच लागली होती. सुट्टीला घरी आलो ते लॅबचा थर्मामीटर घेऊन. आबांनी आयुष्यात थर्मामीटर पाहिला नव्हता. ते रसाचा थेंब गार पाण्यात सोडायचे, बोटांत गोळी करून बघायचे. त्या दिवशी त्यांनी टोले दिले. तीन आणि एक. मी नळी बघितली आणि आठ माणसांसमोर म्हणालो, "थांबा. अजून एकशे चौदाच आहे. पुस्तकात एकशे अठरा आहे. तुमचा हात चुकेल, पारा चुकत नाही."

माणसं दांडे धरून आबांकडे बघत राहिली. आबा माझ्याकडे. शिकलेला मुलगा. ते म्हणाले, "व्हय, थांबा."

चार अंश चढायला फार वेळ लागला नाही. त्या काहिलीतला सगळा गूळ काळा निघाला, करपट. खोडव्याचा, म्हणजे तोडलेल्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस होता, त्याचा गूळ लवकर उतरवावा लागतो. हे पुस्तकात नव्हतं. आबा त्याबद्दल मला एक शब्द बोलले नाहीत. ना तेव्हा, ना मरेपर्यंत. फक्त त्या दिवसापासून काहिलीवर टोला पडला नाही.

विलास तेव्हा अकरा वर्षांचा, शाळेत होता. ती आठ माणसं आज नाहीत, आणि असती तरी त्यांच्या कुणाच्या लक्षात एकशे चौदा राहिलं नसतं. आबांना तर आकड्याशी देणंघेणंच नव्हतं. माझ्या वहीत तो होता; ते पान मी त्याच संध्याकाळी फाडलं.

मला विलासचा राग आहे, रीलवाल्यांचा आहे. पण रात्री झोप उडते ती दुसऱ्या रागानं. आबा, भिंतीवरून टोले देता येत होते, तर तेव्हा आठ माणसांसमोर एक शिवी का नाही दिलीत मला?

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. कुणाकडे असेल तर आकड्यांसकट सांगा. त्या दिवसाचं पान या डायरीत आहे, फाडलेलं नाही. शेवटच्या एकशे चौदापुढे मी 'उतरवली' असं लिहिलंय, आणि सही केली आहे.