काशीच्या कचहरीतली वैदेही

सांगलीच्या स्टँडवर श्रीकांत मला सोडायला आले होते. "मी येऊ का बरोबर?" त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं आणि मी तिसऱ्यांदा नको म्हटलं. ज्या माणसाशी लग्न करायचं, त्याच माणसाला घेऊन पहिलं लग्न मोडल्याचा कागद शोधायला जाणं मला बरं वाटेना. श्रीकांत आमच्या शाळेचे ग्रंथपाल. पत्नी जाऊन त्यांना सात वर्षं झाली. मी एक्कावन्न वर्षांची. लग्न नोंदणीच्या कचेरीत घटस्फोटाच्या निकालाची प्रमाणित प्रत मागितली होती आणि माझ्याजवळची प्रत कृष्णेच्या पुरात गेली होती. कपाटाच्या खालच्या कप्प्यात नुसता लगदा उरला होता. प्रत परत मिळणार होती ती एकाच ठिकाणी, बनारसला. तेवीस वर्षांपूर्वी माझा नवरा रेल्वेच्या नोकरीसाठी तिथे होता, आणि लग्न मोडलं तेही तिथेच.

पुण्याहून गाडी धरली. समोरच्या बाकावर एक कुटुंब कुणाच्या तरी अस्थी घेऊन निघालं होतं. त्यातल्या बाईंनी मला पुरी-भाजी दिली आणि विचारलं, "दर्शनाला चाललात?" मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

गाडी चार तास उशिरा पोचली. जानेवारीचं धुकं इतकं दाट होतं की स्टेशनाबाहेरच्या रिक्षा आधी ऐकू आल्या आणि मग दिसल्या. मैदागिनजवळच्या एका साध्या लॉजमध्ये खोली घेतली. मॅनेजरने रजिस्टर पुढे सरकवून विचारलं, "अकेली हैं?" सकाळी मलइयो (हिवाळ्यात मिळणारा, केशर घातलेला दुधाचा फेस) खायला थांबले, तर त्या विक्रेत्यानेही तेच विचारलं. या गावात लोक जथ्याने येतात. एकट्या बाईच्या हातात कुल्हड (मातीचा पेला) देतानासुद्धा त्यांची नजर तिच्या मागे दुसरं कोणी आहे का ते शोधते.

कचहरी (न्यायालयाचा परिसर) वरुणा नदीच्या पलीकडे आहे. टाइपरायटरची जागा आता संगणकांनी घेतली आहे, पण पत्र्याच्या छपराखालच्या वकिलांच्या चौक्या तशाच आहेत. तिथे एक तरुण वकीलबाई भेटल्या. अंगात काळा कोट, गळ्याभोवती लोकरीचा मफलर. त्यांनी माझं म्हणणं ऐकून घेतलं आणि नाव, वर्ष लिहून मुंशीला (वकिलाच्या कारकुनाला) अभिलेखागारात पाठवलं. दोन तासांनी तो हात हलवत आला. त्या वर्षाच्या नोंदवहीत असं नाव नव्हतं.

"दीदी, साल पक्का है?"

साल पक्कं नव्हतं. मी घर सोडलं ते वर्ष सांगत होते, निकाल त्यानंतर दोन वर्षांनी लागला होता. आणि चूक तेवढीच नव्हती. मी माझं नाव सुनंदा असं सांगितलं होतं. लग्नात सासरच्यांनी तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेलं नाव होतं वैदेही, आणि खटला वैदेहीचा होता. निकालानंतर मी ते नाव इतकं टाकून दिलं होतं, की बोलताना ओठांवरही आलं नाही.

दुपारी फाइलचा नंबर सापडला. पण आता दुसरी अडचण उभी राहिली. वकीलबाई म्हणाल्या, "फाइल वैदेही की है, आधार कार्ड सुनंदा का." दोघी एकच असं मी शपथेवर लिहून द्यायचं होतंच, पण त्या काळात मला ओळखणाऱ्या कोणाचं प्रतिज्ञापत्र जोडलं तर काम सोपं होणार होतं.

लग्नपत्रिकाही पुरातच गेली होती. भाऊ आता नाही. या शहरात मला वैदेही म्हणून ओळखणारं माणूस एकच होतं, ते अजून असलं तर.

दुर्गाघाटाच्या गल्ल्यांत मी दोनदा चुकले. एकदा ब्रह्माघाटाच्या पायऱ्यांवर निघाले, एकदा एका गोठ्यात. शेवटी निळं दार दिसलं. या घराच्या वरच्या दोन खोल्यांत आम्ही चार वर्षं भाड्याने राहिलो. घरमालकीण काकू म्हणजे काशीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या पौरोहित्याच्या घराण्यातल्या. दार त्यांनीच उघडलं. पाठीला बाक आला होता, डोळ्यांवर जाड चष्मा.

"कोण पाहिजे?"

"काकू, मी वैदेही."

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. "वरची वैदेही? हे भगवान! किती दुबळी झालीस गं. आत ये ना, बाहेर ठंड आहे."

चहाबरोबर त्यांनी भाजलेले मटार दिले. येण्याचं कारण सांगताना मला संकोच वाटत होता. त्यांना मात्र अजिबात वाटला नाही.

"दुसरं लग्न करतेस? बिलकुल कर. मी येते उद्या कचहरीत. पाय परेशान करतात, पण जबान अजून चालते."

दुसऱ्या दिवशी मैदागिनपर्यंत माझ्या खांद्याचा आधार घेत काकू चालल्या, पुढे टोटो (बॅटरीवरची रिक्षा) केली. प्रतिज्ञापत्रावर त्यांनी ठसठशीत मराठी वळणाची सही केली. वकीलबाईंनी फाइल पाहण्याची परवानगीही काढली होती. अभिलेखागाराच्या खिडकीशी एका बाकावर ती आमच्यापुढे ठेवली. लाल दोरीने बांधलेली आणि मला वाटलं होतं त्याहून खूपच बारीक.

अर्जावर दोघांच्या सह्या होत्या. माझी सही मला ओळखता आली नाही. पुढची पानं उलटताना एक अर्धा कागद लागला. तो दुसऱ्या तारखेचा होता.

ती तारीख मी विसरणं शक्य नव्हतं. अर्ज केल्यावर कायद्याप्रमाणे सहा महिने थांबून आम्ही पुन्हा उभं राहायचं होतं. मी भावाबरोबर सांगलीहून आले, आणि नवरा आलाच नाही. माझे वकील एवढंच म्हणाले, "अगली तारीख मिल गई." परतीच्या प्रवासात मी सगळा वेळ संतापाने रडत होते. आमच्यात भांडण असं कधी नव्हतं. तो बोलायचाच नाही. आठवडेच्या आठवडे जेवण, ड्यूटी, झोप आणि भिंतीकडे तोंड. त्या दिवशी मला वाटलं, लग्न मोडायलासुद्धा हा माणूस येत नाही.

कागदावर त्याच्या वकिलाने हिंदीत चार ओळी लिहिल्या होत्या. प्रार्थी निर्णयापूर्वी आपल्या पत्नीशी एकदा बोलू इच्छितो, तरी पुढची तारीख देण्याची कृपा व्हावी. खाली त्याची सही.

मी कागद काकूंपुढे सरकवला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेऊन वाचला.

"खोल्या सोडून गेला होता, तरी त्या दिवशी तो माझ्याकडे होता," त्या म्हणाल्या. "सकाळपासून. जिन्यावर बसून. अर्जाच्या वेळी तू माझ्याकडेच उतरली होतीस ना? म्हणाला, कचहरीत भाऊ असेल, इथे आली की बोलतो. शाम झाली तरी बसून होता."

"आम्ही स्टेशनजवळ उतरलो होतो. भाऊ म्हणाला, तिथे नको."

"मला काय ठाऊक! मी जेवायला वाढलं, जेवला नाही. पुढच्या वेळीही तू आली नाहीस. मतलब, सांगणार कोणाला?"

पुढच्या तारखेला मी त्याच्याकडे न बघता सही केली होती. तो माझ्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभा होता. त्या वेळी तो काही बोलेल, असं मला वाटलंही नाही, आणि तो बोललाही नाही.

काकूंनी नंतर आपण होऊन सांगितलं. त्याने दुसरं लग्न केलं, मुलगी लखनऊला शिकते, तोही निवृत्त होऊन तिकडेच गेला. "बरा आहे," त्या म्हणाल्या. मला बरं वाटलं. खूप वेळाने वाटलं, पण वाटलं.

वकीलबाईंनी विचारलं, "नकल (प्रमाणित प्रत) किस-किस की चाहिए?" मी फक्त निकालाची आणि हुकूमनाम्याची म्हटलं. त्या अर्ध्या कागदाची मागितली नाही. मागून ती ठेवली कुठे असती?

नकल तयार व्हायला मधे एक दिवस जायचा होता. तो मी अमृतराव घाटावर काढला. पुण्याच्या माणसाने बांधलेला हा घाट. त्याच्या पायऱ्यांवर बसून मी संत्री सोलत होते. शेजारी एक मराठी पुरोहित नातवाला मंत्र सांगत होता आणि नातू हिंदीत कंटाळा करत होता. होड्या धुक्यातून येत होत्या आणि धुक्यात जात होत्या. इतक्या माणसांत मला एकाशीही बोलावंसं वाटलं नाही. ज्याच्याशी बोलायला हवं होतं, तो तेवीस वर्षांपूर्वी एका जिन्यावर बसून उठून गेला होता.

त्याच्या दुसऱ्या दिवशी शिक्क्यांसह नकल हातात आली. काकूंना नमस्कार करायला गेले. त्या झोपल्या होत्या. सून म्हणाली, "उठवू का?" मी नको म्हटलं, आणि गल्लीच्या तोंडाशी पोचल्यावर वळून परत गेले. "उठवा," म्हटलं. काकू उठल्या, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "आता येशील तेव्हा त्यांना घेऊन ये."

सांगलीला श्रीकांत स्टँडवर उभे होते. घरी जाताना मी त्यांना सगळं सांगितलं, त्या अर्ध्या कागदासकट. सांगू नये असं दोन रात्री गाडीत ठरवत आले होते. ते बराच वेळ गप्प राहिले. गप्प माणसाची मला अजून धास्ती वाटते. मी चालायची थांबले.

"तेव्हा कळलं असतं तर राहिली असतीस?" त्यांनी विचारलं.

"नसते राहिले बहुतेक," मी म्हटलं. "पण रडत आले नसते."

त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "आज मी गप्प झालो ते ऐकत होतो म्हणून. तुला तसं सांगायला हवं होतं."