कमरेवरचा हात

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या भावाला नाही. देवापुढं हात जोडले तेव्हाही हा विषय मी सफाईनं टाळला. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही आमच्या गावचे नाही, ऐकून लगेच पारावर जाणार नाही. आणि आधीच सांगून ठेवते — मी रडणार नाही. रडून सांगितलं की ऐकणाऱ्याला दया येते, आणि मला ती नको आहे.

माझ्या पाठीत मशीन आहे. उजव्या कमरेखाली, कातडीच्या आत काड्यापेटीएवढी डबी, आणि तिच्यातून निघालेल्या दोन बारीक तारा मणक्यात गेलेल्या. दुखण्याचा निरोप डोक्यापर्यंत पोचायच्या आत ही डबी मध्येच झिणझिण्या सोडते. रिमोटनं कमी-जास्त करता येतं. आठवड्यातून एकदा कमरेला पट्टा बांधून ती चार्ज करायची, मोबाइलसारखी. आमच्या घरात त्याला 'करंट देणं' म्हणतात.

पण आधी मशीनच्या अगोदरची अकरा वर्षं ऐका. कापूस भरलेल्या ट्रॉलीवरून मी पडले. मणक्याचं ऑपरेशन झालं, मग दुसरं झालं. फोटोत सगळं जागच्या जागी. मग दुखतं कशाला? — डॉक्टरांनी हे एकदा विचारलं, घरच्यांनी अकरा वर्षं विचारलं. डाव्या कमरेपासून पोटरीपर्यंत कुणी तापलेलं उलथणं फिरवावं तसं व्हायचं, आणि सासूबाई ओसरीवर बसून आल्यागेल्याला सांगायच्या, "काय बी झालं न्हाई तिला. कामाचा कंटाळा हाय निस्ता." नवरा गप्प. गप्प बसणं म्हणजे बाजू घेणंच की, नाही का? ओठ चावत मी भाकरी थापल्या आहेत. वेचणीला गेले आहे, सरीतून गुडघ्यांवर सरकत. अख्ख्या घरात एकटी धाकटी जाऊ रेणुका तेवढी माझी. नवी नवरी असतानाच माझ्या पायाला तेल चोळायला बसली. मी म्हटलं, तुला पण नाटक वाटतं का गं? तर म्हणाली, "अक्का, तुमी खोटं कशाला बोलताल?"

शेवटी भावानं मला हैदराबादला नेलं. आधी आठ दिवस नुसती चाचणी — तारा आत, डबी बाहेर. तिसऱ्या दिवशी सकाळी मी व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. जिथं उलथणं फिरायचं तिथं मुंग्या होत्या. नुसत्या मुंग्या! मी एवढी हसले की नर्स धावत आली. मग डबी कायमची आत बसवली. सोडताना डॉक्टरांनी हिंदीत समजावून सांगितलं — दोन महिने वाकायचं नाही, उचलायचं नाही, कंबर पिळायची नाही, त्यानंतर हळूहळू सगळं करा. भाऊ औषधाच्या खिडकीपाशी रांगेत उभा होता. ऐकणारी मी एकटीच.

घरी आले तर नव्या नवरीला बघायला यावं तसं गाव लोटलं. सासूबाईंनी स्वतःच्या हातानं माझा पदर सारून डबीचा उंचवटा बायकांना दाखवला. "लय सोसलं बाई माझ्या सुनेनं." माझ्या सुनेनं! जीव जात होता तेव्हा मी नाटकी, आणि मुंग्या यायला लागल्या तेव्हा मी सोशिक? नवऱ्यानं विचारलं, डॉक्टर काय म्हणाले. मी म्हणाले, वाकायचं नाही, उचलायचं नाही.

'दोन महिने' एवढे शब्द मी गिळले. त्याला आता पाच वर्षं होतील.

दुखणं पूर्ण गेलं असं नाही. थंडीत पोटरी अजून कुरकुरते, एखादा दिवस वाईट जातो. पण काम करू शकत नाही इतकं? छे. तरी पाच वर्षं कॉट माझी, चहा हातात, उठताना कुणीतरी आधाराला. करंट द्यायला पडले की घर चिडीचूप. सासूबाई पोरांना दटावायच्या, "गप बसा रे, करंट द्यायलीय ती." करंट देताना काडीचंही दुखत नाही. त्या तासाभरात मी मोबाइलवर नवे पदार्थ बघायची आणि संध्याकाळी ते रेणुका करायची.

लाज वाटते का? घरच्यांपुरती विचाराल तर नाही. माझं खरं त्यांनी अकरा वर्षं खोटं ठरवलं, मग पाच वर्षं माझं खोटं खरं मानलं तर बिघडलं कुठं? अजूनही मला तसंच वाटतं. चोरावर मोर, एवढंच. तेवढंच असतं तर मी तुमच्यापुढं तोंडही उघडलं नसतं.

पण — मघापासून मी जिच्याभोवती फिरतेय ती गोष्ट ही नव्हे.

तीन वर्षांपूर्वी आमच्या अंगणवाडीत सेविकेची जागा निघाली. गावातलीच बाई पाहिजे, बारावी झालेली. रेणुका बारावी आहे. पुढची भरती निघेपर्यंत तिचं वय उलटून गेलं असतं, म्हणजे हीच वेळ, पहिली आणि शेवटची. तिनं अर्ज भरला, कागद जोडले आणि सगळे घरात असताना विषय काढला. दीर म्हणाला, "जाय की. पर सकाळचं समदं कोण करंल?" सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, "सुमन, तुला झेपंल का गं?"

मला झेपलं असतं. आदल्याच दिवशी घरात कुणी नव्हतं तेव्हा मी गव्हाचं पोतं भिंतीकडून ओढून बाजूला केलं होतं. रेणुका चौकटीला धरून उभी होती, कागद छातीशी. तिनं काही मागितलं नाही. नुसती बघत होती. मी 'हो' म्हणायचं होतं, बस.

मी कमरेवर हात ठेवला. बोलले काहीच नाही — हात ठेवला आणि डोळे मिटले.

का? हो म्हटलं असतं तर सासूबाई म्हणाल्या असत्या, बघा, होतं ना नाटक. ही भीती होती, खरी होती. पण सगळं खरं सांगायचं तर बारावी मीही झालेय. मला कधी कुणी काही विचारलं नाही. हिनं रोज सकाळी साडीला पिन लावून ताठ मानेनं बाहेर पडायचं आणि मी चुलीपुढं बसायचं — मला ते बघवलं नसतं. याला हेवा म्हणतात, दुसरा शब्द नाही. ज्यांनी मला खोटी ठरवलं त्यांचं त्यात काही गेलं नाही. जिनं मला एकदाही खोटी म्हटलं नाही, तिचं गेलं.

जागा दुसऱ्या बाईला मिळाली. त्याच संध्याकाळी रेणुकानं चहा आणून दिला आणि शेजारी टेकली. "लय दुखायलंय का, अक्का?" मी हो म्हणाले. तिनं तेल आणलं आणि चोळत बसली, आणि मी चोळून घेतलं.

गेल्या महिन्यात घरचे सगळे पाथरीला लग्नाला गेले होते आणि रेणुका शेतात होती. नळाला पाणी आलं. मागच्या दारी दोन बादल्या भरल्या आणि दोन्ही हातांत घेऊन मी भरभर निघाले, ताठ पाठीनं. वळले तर समोर रेणुका. ती लवकर परतली होती.

बादल्या खाली ठेवायचंही मला सुचलं नाही. तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं नाही. आधी मागचं दार लोटून घेतलं, मग माझ्या हातातून एकेक बादली काढून घेतली.

"कुणी बघंल ना, अक्का," ती हळूच म्हणाली.

ती दचकली नव्हती. म्हणजे तिला माहीत होतं. केव्हापासून? महिनाभर? वर्षभर? का चौकटीला धरून उभी होती तेव्हाच? मी विचारलं नाही. विचारणारही नाही.

ती बादल्या घेऊन आत गेली. मी जाऊन कॉटवर पडले.