दोघींनी बोलत चालावं एवढी वाट

कारखान्याचा हंगाम सुरू झाला की आमच्या गंगाखेडात सकाळचं फिरणं म्हणजे उसाच्या ट्रॉल्यांच्या सोबतीनं चालणं. मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाई रोज मोठ्या रस्त्याच्या कडेनं जायचो. त्यांना मी आक्का म्हणते. एका सकाळी ट्रॉलीतून बाहेर आलेल्या उसात आक्कांचा पदर अडकला आणि त्या ट्रॉलीबरोबर ओढल्या जायला लागल्या. मी किंचाळले. पदर टर्रकन फाटला म्हणून त्या वाचल्या.

रस्त्याकडेला बसून त्या घटाघटा पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, "मरायचंच असंल तर गंगेकाठी मरू. उद्यापून तिकडं चल."

गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. घाटाच्या पुढं काठावर आम्ही कधी गेलो नव्हतो. तिकडं वेड्या बाभळी, काटे आणि जनावरांनी पाडलेली पायवाट. दुसऱ्या दिवशी साड्या खोचून आम्ही त्यातून कशाबशा पुढं गेलो. समोर पाण्यावर धुकं होतं. धुक्यातून रेल्वेचा पूल तेवढा वर दिसत होता आणि त्यावरून एक गाडी चालली होती. आक्का मला कोपरानं ढोसत म्हणाल्या, "अगं, एवढं गावात हाय आन् आपण ट्रॉल्यांचा धूर खायलाव!"

त्याच दुपारी आम्ही नगरपरिषदेत गेलो. तिथला नवा इंजिनिअर तरुण होता. घाटापासून पुलापर्यंत चालायला वाट करा म्हटल्यावर तो खुर्चीतून उठलाच. "काकू, माझ्या मनात हेच होतं. पण गावातून कुणी मागितलं तर वर सांगता येतं. आता तुम्ही मागितलं!" घरी येताना मला भाजी घ्यायचंही भान राहिलं नाही.

रविवारी तो टेप घेऊन काठावर आला. जमिनीवर दोन रेघा ओढून म्हणाला, "एवढी रुंदी पुरे. माणूस आरामात चालतो."

"माणूस चालतो वो साहेब," आक्का म्हणाल्या, "पण बाया कुठं एकट्या चालत्यात? दोघी चालत्यात, बोलत चालत्यात. एकीमागं एक चाललं तर बोलायचं काय पाठीशी?"

तो हसला आणि म्हणाला, "चालून दाखवा." आम्ही हात हलवत, भांडल्यासारख्या बोलत चाललो आणि तो मागून आमची रुंदी मोजत आला. मी शिवणकाम करते. गावातल्या निम्म्या बायकांची मापं मी घेतलीत, पण चालत्या बायकांचं माप कुणी घेताना पहिल्यांदाच पाहिलं.

पुढं एका शेतकऱ्याचा हरभरा थेट काठापर्यंत आला होता. आम्हाला बघून तो बांधावरूनच ओरडला, "इकडून वाट न्हाई! लोक येत्याल, हरभरा उपटत्याल. माजं वाटोळं!"

आक्का तोऱ्यात पुढं झाल्या. "कोण उपटतंय दादा? आमी चांगल्या घरच्या बाया हाव."

तो आक्कांच्या कमरेकडं बघत राहिला. खोचलेल्या पदरातून हरभऱ्याची हिरवीगार डहाळी डोकावत होती. येता येता आक्कांनी ती उपटली होती आणि विसरूनही गेल्या होत्या. इंजिनिअर नदीकडं तोंड करून खोकायला लागला. आक्कांनी डहाळी आत खोचायला बघितली, तर ती आणखीच बाहेर आली. शेवटी त्या म्हणाल्या, "चुकलंच दादा. पण लय कवळा हाय वो."

शेतकऱ्याला हसू आवरेना. हसता हसता तो खाली उतरला. "असं करा, बांधाच्या खालून, गंगेच्या अंगानं वाट न्या. बांधावर मी बाभळीची काटी लावतो. आन् त्या जांभळीखाली एक बाकडं टाका. आमची मालकीण दिसभर वाकून बेजार होती, तिला टेकायला होईल." निघताना त्यानं आम्हाला दोन मुठी हरभरा स्वतःच उपटून दिला.

महिन्याभरात वाट मंजूर झाली. ज्या दिवशी चुन्याच्या फक्कीनं आखणी होती त्या दिवशी आक्कांनी गल्लोगल्ली सांगितलं होतं, "बघायला या." माझं कशातच लक्ष लागेना, एका ब्लाऊजच्या दोन्ही बाह्या मी एकाच हाताच्या शिवल्या. संध्याकाळी घाटापासून पुलाकडं पांढऱ्या रेघा गेलेल्या दिसल्या आणि अंगावर काटाच आला. शेजारणी आल्या, त्यांच्या सुना आल्या, शेतकऱ्याची बायको विळा हातात घेऊनच आली. कुणी कुणाला सांगितलं नाही, पण दोघी दोघी करत सगळ्या त्या रेघांमधून चालायलाच लागल्या. वाट अजून झालीच नव्हती, तरी आम्ही तिच्यावरून मोठमोठ्यानं बोलत पुलापर्यंत गेलो आणि परत आलो.

परत येईतो फक्की कुठं दिसतच नव्हती. सगळी आमच्या पायांना आणि साड्यांच्या काठांना लागलेली. इंजिनिअर कपाळाला हात लावून उभा.

"काकू, उद्या परत आखायला लागंल!"

"आखा की," आक्का म्हणाल्या. "आमी परत येताव."