मागच्या सीटवरची झोप

चिंगी कुठंय? आत्ता माझा पदर धरून होती आणि आता नाही! एवढा मोठा हॉल, जुन्या मोटारींच्या रांगा, आणि माझी चार वर्षांची पोरगी कुठंच दिसेना. नवरा माझा ड्रायव्हर. सुट्टी मिळाली की आमच्या गाडीतून आम्हाला जुन्या मोटारींची म्युझियमं दाखवत फिरतात. हे तिसरं. आत्ताही कुठल्याशा इंजिनात डोकं घालून उभे.

"अहो, चिंगी!" एवढंच निघालं तोंडातून.

पळता पळता तिच्या चपला दिसल्या. दोरीच्या पलीकडं, एका काळ्या मोटारीच्या पायरीखाली, जोडीनं लावलेल्या. आमच्या गाडीत चपला काढूनच बसायचं, ह्यांचा नियमच आहे. आत वाकून बघितलं, तर मागच्या सीटवर पोरगी गाढ झोपलेली.

मी तिथंच फरशीवर बसले. रडायला येत होतं, हसायलाही. कधीतरी ह्याच सीटवर लग्नाहून, जत्रेहून येताना कुणाची लेकरं अशीच पेंगली असतील. मग ती मोठी झाली आणि मोटार नुसती बघायची राहिली. आज तिच्यात परत कुणीतरी झोपलं. मोटारीलाही बरं वाटलं असेल, असं मला आपलं वाटलं.

वॉचमनकाका धावत आले. "ताई, पोरीला काही शिकवलंय की नाही?"

मला लाज वाटली, रागही आला. मारायला हात उचलला, तेवढ्यात तिनं डोळे चोळत विचारलं, "आई, आलं का घर?"

तुम्ही असता तर मारलं असतं का हो?