काचेवरचे सात खडे

नदीकाठच्या सात गुळगुळीत खड्यांना मी एकदा पुरावा म्हणून सीलबंद केलं होतं. प्रत्येकाला वेगळी पिशवी, वेगळा नंबर. आज नातवंडांना सांगितलं की ती लोळून हसतात. हसू देत. मूर्खपणा माझाच होता.

इंग्लंडातल्या लेस्टरमध्ये तेव्हा मी नवी कॉन्स्टेबल होते. बायकांना छोटा दंडुका मिळायचा, तोही हँडबॅगेत ठेवायला. त्या दंडुक्याच्या जोरावर आपण शहर वाचवणार, अशी माझी खात्री होती.

खबर दिली एका म्युझियमच्या पहारेकऱ्यानं. नाझी राजवटीतल्या छळाचं प्रदर्शन लागलं होतं आणि धमकीची पत्रं येत होती. त्यात दर गुरुवारी एका काचपेटीवर एक खडा सापडायचा. सहा आठवडे, सहा खडे. मी तर्क लढवला : कोणीतरी काच फोडण्याआधी अंदाज घेतंय.

सातव्या गुरुवारी मी साध्या कपड्यांत खांबाआड उभी राहिले. खडा ठेवणारा हात पकडला, तो एका सत्तरीच्या बाईंचा निघाला. त्यांना स्टेशनवर आणलं. टेप चालू केली.

"खडे कशासाठी?"

"बहिणीसाठी."

"म्हणजे बहीणही यात सामील आहे?"

"आहे ना. ती आतच आहे, काचेत."

सार्जंटनं हळूच टेप बंद केली आणि मला चहा आणायला पाठवलं. किटली उकळेपर्यंत त्यानं चौकशी पुरी केली होती. बाई ज्यू होत्या. त्यांच्यात कबरीवर फुलं नाही, खडा ठेवतात. बहिणीला कबरच नव्हती. शाळेच्या सहलीचा एक फोटो तेवढा उरला होता, तो त्या पेटीत. खाली पाटी : 'छळाचे बळी. नावे अज्ञात.'

"तुम्ही म्युझियमला सांगितलं नाही?" मी विचारलं.

"सूचनांचा फॉर्म दिला त्यांनी. भरला. दोनदा. तुमची सेवा जास्त तत्पर आहे."

घरी आईला सांगितलं, तर ती पोळी लाटायची थांबली. "अगं, आजोबा गेले तेव्हा बाबांनी जीवखडा दहा दिवस जपला होता. विसरलीस? आणि तू खडे जप्त करतेस?"

दुसऱ्या दिवशी युनिफॉर्म चढवून मी बाईंना घेऊन म्युझियममध्ये गेले. पेटीसमोर उभं राहून विचारलं, "यातली कोणती?" त्यांनी बोट ठेवलं. टोपी वाऱ्यानं उडतेय आणि मुलगी खदखदून हसतेय.

पाटीवर तिचं नाव लागावं आणि फोटो मोठा होऊन मध्यभागी यावा, एवढंच बाईंचं मागणं. म्युझियमचे क्युरेटर साहेब चांगले होते, पण हट्टी. "पाटी बदलता येईल. पण हा फोटो मोठा करून मध्यभागी? लोकांनी इथे हादरायला हवं. हसणाऱ्या मुलीकडे बघून कोण हादरेल?"

"हादरलेले लोक सरळ कॅफेत जातात," बाई म्हणाल्या. "ओळख झालेले परत येतात. मला बघा, सात वेळा आले."

साहेबांना हसू आवरेना. महिन्याभरात फोटो मध्यभागी आला, खाली नाव, आणि 'हिला गणित आवडत नसे' एवढी एक ओळ. शेजारी खड्यांसाठी एक बशीही. या आठवणींत मी कोणाचंच नाव लिहीत नाही. तिचं तिथे लिहिलंय, तेवढं पुरे.

पुढे मी बरेच चोर पकडले, पण धडा त्या खड्यांचा. 'का केलं' हे विचारायच्या आधी 'कोणासाठी' हे विचारावं. म्युझियमवाल्यांनाही माझा हाच सल्ला : आकडा मागाहून सांगा, आधी माणूस दाखवा.

सात पिशव्या परत करताना मी पावतीवर सही घेतली, नियम म्हणजे नियम. माफीही मागितली. बाईंनी खडे पर्समध्ये टाकले आणि म्हणाल्या :

"पोरी, मला पकडलंस ते बरं केलंस. इतके आठवडे त्या पेटीशी माझ्या शेजारी माणसं उभी राहिली, हळहळली, निघून गेली. 'यातली कोणती?' असं विचारणारी तू पहिली."